मुंबईची संपत्ति आणि साष्टीचें आरोग्य

रोग आणि दुष्काळ या दोहोंपैकीं राष्ट्राची अधिक हानि कशानें होते, हा वाद कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत घातला आहे. पूर्वाचार्यांचें मत त्यानें प्रथम दिलें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, रोगाची सांथ आली म्हणजे कांहीं माणसें मरतात, कांहीं अंथरुणास खिळतात आणि जीं धडधाकट उरतात तीं शुश्रूषेंत गुंततात. येणेंप्रमाणें सगळीं कामें बंद पडतात. दुष्काळांत कामें त्या मानानें अडत नाहींत, आणि राजाचा कर धान्यानें नाहीं तरी सोन्यानें अथवा गुराढोरांनीं वसूल होऊं शकतो. म्हणून रोग अधिक वाईट. कौटिल्यास हें मान्य नाहीं. तो म्हणतो, रोग देशाच्या एका भागास पीडतो आणि त्यावर उपाय करतां येतो. दुष्काळ सर्व देशास ग्रासतो व प्राणिमात्राचें जगणेंच संपवितो.

या कोटिक्रमांत आचार्य आणि कौटिल्य यांपैकीं कोणाचेंहि बोट नाडीवर नाहीं. दोघांचेंहि बोट हिशेबाच्या वहीवर आहे. रोगानें काम किती बुडतें, कर किती बुडतो, आणि प्रतिकार शक्य आहे कीं नाहीं, एवढेंच त्यांस पहावयाचें आहे. आयुर्वेदाची दृष्टि निराळी. चरकसंहितेच्या आरंभींच चारहि पुरुषार्थांचें मूळ आरोग्य होय असें सांगितलें आहे. आणि विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत, गंगातीरीं कांपिल्य नगरांत आत्रेय पुनर्वसु अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाचीं, म्हणजे सबंध मुलुख उजाड करणाऱ्या सांथींचीं, कारणें सांगतो. वायु, उदक, देश आणि काल हे चार बिघडले म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसेंहि एकाच रोगानें मरतात, आणि या बिघाडाच्या मुळाशीं अधर्म असतो. देश, नगर व गांव यांचे मुख्यच अधर्मानें वागूं लागले म्हणजे त्यांचे आश्रित व व्यापारउदीम करणारे लोक तो अधर्म वाढवितात, असें तो सांगतो. ‘अधर्म’ या शब्दाच्या जागीं ‘नगरव्यवस्थेची हयगय’ असें घालून पाहिलें, तर हा अध्याय मुंबईच्या इतिहासास किती लागू पडतो हें वाचकांच्या पुढें दिसेलच.

श्रीमंत देशांत आरोग्यामुळें संपत्ति वाढते कीं संपत्तीमुळें आरोग्य, हा प्रश्न युरोप-अमेरिकेंतील पंडित गेलीं कित्येक वर्षें चर्चीत आहेत. १९७५ सालीं सॅम्युएल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञानें निरनिराळ्या देशांचें दरडोई उत्पन्न व सरासरी आयुर्मान एकापुढें एक मांडून दाखविलें कीं, गरीब देशांत उत्पन्न थोडें वाढलें तरी आयुष्य पुष्कळ वाढतें, श्रीमंत देशांत मात्र उत्पन्न कितीहि वाढलें तरी आयुष्याची रेषा जवळजवळ आडवी होते. शिवाय त्यानें असेंहि दाखविलें कीं, विसाव्या शतकांत जगाचें आयुष्य वाढलें त्याचा मोठा भाग उत्पन्नवाढीनें झालेलाच नाहीं. अमेरिकेचें अलीकडचें उदाहरण तर ठळक आहे : २०१४ नंतर तीन वर्षें त्या देशाचें उत्पन्न वाढत असतां आयुर्मान घटत गेलें. परंतु या वादाचा एक जुना व बोलका पुरावा एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालांत आहे. त्या वेळीं जगांतील सर्वांत श्रीमंत होऊं घातलेल्या मँचेस्टर शहरांत मजूरवर्गांतील मृतांचें सरासरी वय १७ होतें, तर रटलंड या शेतकी परगण्यांतील मजुरांचें ३८. मँचेस्टरच्या प्रतिष्ठित घराण्यांचा आंकडाहि ३८ च होता. म्हणजे गिरणीगांवचा सावकार आणि खेड्यांतला शेतमजूर सरासरीनें एकाच वयांत मरत होते. मृतांच्या वयाची सरासरी हें आयुर्मानाचें शुद्ध माप नव्हे, हा आक्षेप खरा आहे. तथापि एवढी मोठी तफावत मापाच्या दोषानें पडत नाहीं.

मुंबईस पूर्वेचें मँचेस्टर म्हणण्याची एके काळीं मोठी हौस होती. ही उपमा किती खरी होती हें मृत्यूच्या नोंदींनीं जितकें सिद्ध होतें, तितकें गिरण्यांच्या धुराड्यांनीं होत नाहीं.

आतां साष्टीकडे वळूं. आज ज्यास मुंबई उपनगर म्हणतात, तो अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर वगैरे गांवांचा मुलुख म्हणजे जुनें साष्टी बेट होय. या बेटांत पाणी आणि संपत्ति यांचा संबंध फार प्राचीन आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनीं भिक्षुसंघास लेण्यांबरोबर अशा पोढ्या दान दिल्या. बंदरांत मिळविलेला पैसा डोंगरावर पाण्याच्या रूपानें साठवावा, ही चाल साष्टींत दोन हजार वर्षांपूर्वींची आहे. एकोणिसाव्या शतकांत हा व्यवहार उलटला : डोंगरावरचें पाणी बंदराकडे वाहूं लागलें.

१८५४ च्या सुमारास मुंबई बेटांतील विहिरी व तळीं शहरास पुरेनाशीं झालीं. तेव्हां हेन्री कॉनिबेअर यानें सुचविल्याप्रमाणें साष्टींतील विहार येथें धरण बांधून १८६० मध्यें नळानें पाणी शहरांत नेलें. पुढें १८७९ सालीं तुळशी, नंतर पवई, आणि १८९२ सालीं तानसा. विहारच्या पाण्याखालीं साष्टींतील वस्त्या गेल्या. आणि धरणाच्या पायथ्याचीं गांवें त्यानंतरहि पुष्कळ वर्षें विहिरींवर अवलंबून राहिलीं, तर त्यांच्याच डोंगरावरचें पाणी पंधरा मैलांवर काळबादेवीस व मांडवीस पोंचत होतें. या व्यवहाराचा एक लाभ मात्र साष्टीस झाला, आणि तो कोणीं योजिलेला नव्हता. तलावांत घाण उतरूं नये म्हणून भोंवतालचें रान राखावें लागलें. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा म्हणजे हेंच राखलेलें रान. कान्हेरीचीं लेणीं आज चाळींनीं व कारखान्यांनीं वेढलेलीं नाहींत, याचें श्रेय पुराणवस्तुखात्याइतकेंच शहराच्या पिण्याच्या पाण्यास आहे. आमच्या वाचकांपैकीं शिलालेखांच्या शोधकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शहरांत पाणी आणण्याची जितकी त्वरा झाली, तितकी तें बाहेर नेण्याची झाली नाहीं. गटारांचें काम मागें पडलें, चाळींच्या गल्ल्या ओल्या राहिल्या, आणि कापसाच्या व्यापारानें शहर भरत गेलें. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला त्या दिवसांत, १८६४ च्या गणतींत, मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. भाव कोसळल्यावर १८७२ त ती ६,४४,४०५ झाली. १८९१ त पुन्हां ८,२१,७६४. एवढ्या चढउतारांत माणसें येत होतीं व जात होतीं, पण जन्ममृत्यूच्या हिशेबानें शहर आपल्या बळावर कधींच वाढत नव्हतें. जें वाढत होतें तें कोंकणांतून व देशावरून येणाऱ्या लोंढ्यावर.

आमच्या मतें मुंबईच्या आर्थिक इतिहासाचें वर्म येथें आहे. आरोग्यावांचून संपत्ति वाढत नाहीं, हें सामान्य विधान मुंबईच्या गिरण्यांनीं पन्नास वर्षें खोटें पाडलें. रोगट चाळींत मजूर झिजला कीं तो रत्नागिरीच्या गलबतांत अगर आगबोटींत बसून गांवीं जाई. त्याच्या जागीं त्याचाच पुतण्या अगर मेहुणा येई. मजुराचें बालपण गांवानें पोसलें, आजारपण गांवानें निस्तरलें, आणि पुष्कळदां मरणहि गांवानेंच सोसलें. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशें होत्या, यावरून संसार कोठें होता हें कळून येतें. गिरणीच्या ताळेबंदांत या खर्चाचें नांवहि येत नाहीं. पूर्वाचार्यांच्या सिद्धांतास येथें एक पोटनियम जोडला पाहिजे : रोगानें काम बुडतें खरें, परंतु मेलेल्याच्या जागीं दुसरा उभा करण्यास मागें खेडीं आहेत तोंवर धन्याचें काम बुडत नाहीं, मरणाराच्या घरचें तेवढें बुडतें.

१८९६ सालीं हा पोटनियमहि निरुपयोगी ठरला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत, म्हणजे शके १८१८ च्या भाद्रपदांत, मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे लोकांच्या तोंडचा प्लेग, ओळखला. मांडवी ही धान्याच्या वखारींची पेठ. उंदरांस तेथें तोटा नव्हता. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरविते, ही गोष्ट पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविली. (अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष यांच्या लगत मूषकांची गणना दैवी आपत्तींत केली आहे, यावरून प्राचीनांस प्लेगचें कारण ठाऊक होतें असें प्रतिपादणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. तें बरोबर नाहीं. कौटिल्याचा उंदीर धान्य खाणारा आहे. त्यावर तो मांजरें व मुंगसें सोडावयास सांगतो. ग्रंथांत नाहीं तें ग्रंथाच्या पदरीं बांधण्यानें ग्रंथाची प्रतिष्ठा वाढत नसते.)

सांथीनें जें केलें तें दुष्काळानें कधीं केलें नव्हतें. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ अर्धी वस्ती निघून गेली. गिरण्यांस माणसें मिळेनात. महिनाअखेर, तीहि कित्येक आठवडे दाबून ठेवून, पगार देण्याची जी गिरणीवाल्यांची वहिवाट होती ती मोडली. मजूर रोजची मजुरी रोज मागूं लागले, आणि नाक्यानाक्यावर गिरण्यांचे माणूस एकमेकांवर चढाओढ करून मजुरांस बोली लावूं लागले. आचार्यांचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. इकडे १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चांत व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली, आणि मुंबईचा माल व मुंबईचीं जहाजें यांवर निर्बंध येण्याचें भय उभें राहिलें. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा केला, मार्चांत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली, आणि घरांची झडती, रोग्यांस उचलून नेणें, आगगाडींत तपासणी हे प्रकार सुरू झाले. या जुलमाची कथा सर्वविश्रुत आहे. येथें एवढेंच नमूद करावयाचें कीं, पटकी व देवी यांनीं वर्षानुवर्षें माणसें मरत असतां जें सरकार स्वस्थ होतें, तें निर्यात अडण्याचा संभव दिसतांच सहा महिन्यांत जागें झालें.

प्रतिकार शक्य आहे हें कौटिल्याचें म्हणणेंहि याच शहरांत खरें झालें. हाफकिन यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा खोलींत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, व १९२५ पासून तिला त्याचेंच नांव आहे. १८९८ सालीं सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची वसाहत आंखली. परंतु आरंभीं ज्या गतीनें त्यानें चाळी पाडल्या त्या गतीनें नव्या बांधल्या नाहींत, आणि पाडलेल्या चाळींतलें माणूस शेजारच्या चाळींत दाटीनें राहूं लागलें. वारा खेळावा म्हणून रुंद केलेल्या रस्त्यावर दुकानांचीं भाडीं चढलीं. वारा मात्र ज्यास हवा होता त्याच्या खोलीपर्यंत पोंचला नाहीं. १९०१ च्या गणतींत वस्ती ७,७६,००६ भरली, आणि १९११ त ९,७९,४४५. सांथ संपली नव्हती. मागच्या खेड्यांतून माणूस पुन्हां येऊं लागला होता.

साष्टीस नवें आयुष्य मिळालें तें या भयांतून. ज्यांच्यापाशीं पैसा होता ते वांद्रें, सांताक्रूझ, अंधेरी, घाटकोपर येथें मोकळ्या हवेंत झोपड्या व बंगले बांधून राहिले. प्रथम हें सांथीपुरतें होतें. मग कायमचें झालें. आगगाडी घाटकोपर-भांडुपच्या वाटेनें १८५३ पासून व वांद्रें-बोरिवलीच्या वाटेनें १८६० नंतरच्या दशकांत धावूं लागली होती, पण रुळांच्या दुतर्फा शेतें, मिठागरें व ताडाचीं झाडेंच होतीं. गाडी असून वस्ती नव्हती, प्लेग आल्यावर वस्ती झाली. तेव्हां उपनगरांचें जनकत्व एकट्या आगगाडीस देण्याची जी रूढी आहे ती आम्हांस पुरी पटत नाहीं. पुढें १९२० सालीं ठाणें जिल्ह्यांतून दक्षिण साष्टी काढून मुंबई उपनगर जिल्हा केला, ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा-बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि मुलुंडास आंखीव रस्त्यांचें गांव बसलें. परंतु उपनगरांत रहावयास येण्याचें भाडें ज्यास परवडत होतें त्यालाच हें आरोग्य मिळालें. १९२१ सालीं मुंबईंतील एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजारीं आठशेंहून अधिक अर्भकें दगावल्याची सरकारी नोंद आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आंकडा दीडशेंच्याहि आंत होता. गांवीं जन्मून शहरांत मेलेल्या मुलांमुळें पहिला आंकडा फुगतो, हें खरें. तेवढें वजा घातलें तरी भिंतींच्या संख्येवर मुलाचें जगणें ठरत होतें, हें नाकारतां येत नाहीं.

मूळच्या साष्टीकरांचें काय झालें, याचा पुरावा कागदावर थोडा व दगडावर अधिक आहे. वांद्रें व साष्टींतील जुन्या ख्रिस्ती गांवठाणांत, वस्तीच्या नाक्यावर, प्लेगच्या वर्षांत उभारलेले क्रूस अद्याप आहेत. सांथ टळावी म्हणून अगर टळल्याबद्दल गांवकऱ्यांनीं ते वर्गणीनें उभारले. त्यांवरील वर्षें व नांवें हा लेखनिविष्ट पुरावा आहे, आणि गद्धेगाळ व वीरगळ यांच्या नोंदी जितक्या कसोशीनें आपण घेतों, तितक्या यांच्याहि घेतल्या पाहिजेत. रस्तारुंदींत त्यांतील कित्येक हलविले गेले आहेत. तोच प्रकार विहिरींचा. १९११ सालीं डॉ. बेंट्ले यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून असें ठरविलें कीं, त्याचा डांस मुख्यतः घराघरांतील विहिरींत वाढतो. त्यावरून विहिरी बुजविण्याची अगर झांकण्याची मोहीम निघाली. धर्मकृत्यास विहिरीचें पाणी लागतें म्हणून पारशी व हिंदु दोघांनीं विरोध केला. डॉक्टरांचा तर्क बरोबर होता. परंतु विहीर बुजली म्हणजे घर नळाचें, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या पाणपट्टीचें, बांधील झालें, ही बाजूहि आर्थिक इतिहासकारानें मांडली पाहिजे.

१९१८ ची मानमोडी येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें दगावलीं, आणि त्याच पावसाळ्यांत पीक बुडालें होतें. रोग व दुष्काळ एकत्र आल्यावर दोहोंत अधिक वाईट कोणता, हा कौटिल्याचा वादच उरत नाहीं.

हीं सर्व कालची कथा नव्हे. २०११ च्या जनगणनेंत जुन्या मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती सुमारें ३१ लक्ष, तर उपनगर जिल्ह्याची सुमारें ९३ लक्ष ५७ हजार झाली. साष्टीनें मुंबईस गिळलें म्हणण्यास हरकत नाहीं. विहार व पवई यांच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी भरावांनीं व कारखान्यांनीं चिंबून गेली, आणि २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां तिनें आपली जागा परत घेतली. पाठोपाठ लेप्टोची सांथ आली. २०२० च्या मार्चांत करोनानिमित्त टाळेबंदी झाल्यावर मजूर शहर सोडून पायीं निघाले, तेव्हां १८९७ चें वर्णन वाचलेल्यांस नवें असें कांहीं दिसलें नाहीं. त्याच वर्षीं जुलैंत शहराच्या तीन विभागांत, ज्यांत दहिसरचा विभाग होता, रक्ततपासणी झाली. झोपडपट्टींतील सुमारें ५७ टक्के लोकांस संसर्ग होऊन गेल्याचें आढळलें, इमारतींतील सुमारें १६ टक्क्यांस. खोल्यांची संख्या १९२१ सालीं जें ठरवीत होती, तेंच शंभर वर्षांनीं ठरवीत होती; शहराचें उत्पन्न दरम्यान किती पटींनीं वाढलें हें सांगणें नलगे.

या विषयाचे सरकारी अहवाल छापलेले आहेत व ते ग्रंथालयांत मिळतात. जें मिळत नाहीं, आणि झपाट्यानें नष्ट होत आहे, तें घरगुती साहित्य. अंधेरी, पार्लें, घाटकोपर, मुलुंड येथील जुनीं घरें व चाळी पुनर्विकासासाठीं पाडल्या जात आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दींत जात आहेत. मोडीच्या पोथ्या व सनदा जपणारे आमचे मित्र विसाव्या शतकांतील भाडेपावत्यांकडे तुच्छतेनें पाहतात. वस्तुतः शके १८१८ च्या भाद्रपदापासून शके १८१९ च्या अखेरपर्यंतची दुकानाची अगर घरखर्चाची कीर्द ज्याच्या संग्रहीं असेल, त्यानें त्यांतील औषध, गाडीभाडें, गांवीं पाठविलेली रक्कम व नोकरांची रोजमजुरी एवढे रकाने उतरून काढले, तर त्याचें मोल एखाद्या दुय्यम सरदाराच्या पत्रापेक्षां कमी ठरणार नाहीं. रेल्वेवर प्रवाशांस दिलेले तपासणीचे पास, लस टोंचल्याचे दाखले, विहीर झांकण्याच्या नोटिसा, साष्टींतील खोतांचीं दप्तरें, चर्चमधील दफनाच्या नोंदवह्या, हींहि पाहण्याजोगीं आहेत. आमच्या पेशाच्या अनुभवानें आणखी एक साधन सुचवितों : जुन्या शाळांचीं जनरल रजिस्टरें. त्यांत मुलाचें जन्मस्थान, शाळा सोडल्याचा दिनांक व कारण हे रकाने असतात. एका वर्गांतील मुलें कोणत्या आठवड्यांत कोठें गेलीं, कोण परत आलें आणि कोणाचें नांव पुढें पुन्हां लागलेंच नाहीं, हें त्यांवरून गांववार लावतां येतें. रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतील सभासदांनीं आपल्या गांवच्या मृत्युनोंदींशीं तीं ताडून पहावीं. मुंबईच्या मृतांपैकीं जे मुंबईच्या वहींत नाहींत ते तेथें सांपडतील. अशा कागदांच्या नकला मंडळाकडे आल्यास त्यांची सूचि पुढील अंकांपासून क्रमशः देण्याची व्यवस्था करतां येईल.